माझ्या स्कूटरच्या विद्यमान धन्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. चोरमहाशय,
मुक्काम : पोलीस शोधत आहेत

विषय : आमची स्कूटर परस्पर हलविल्याबद्दल, तसेच नव्या कुलपाच्या निवडीबाबत आपले मार्गदर्शन मिळणेबाबत.
संदर्भ : आपण आमच्या गेटच्या गजाला लटकवून गेलेली साखळी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की, कामोठ्यात आमच्या इमारतीसमोरून आपण जी स्कूटर नेलीत, ती आमची होती. रात्रीची वेळ, कामाची गडबड, त्यात आपल्याला बेल वाजवून विचारणं जमलं नसावं. हरकत नाही. गाडीबरोबर द्यायच्या सूचना मात्र राहून गेल्या, त्या आता देतो. डाव्या आरशाचा बोल्ट सैल आहे. थंडीत चोक ओढल्याशिवाय ती सुरू होत नाही. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर दिसत असला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. हेल्मेट डिकीत आहे, ते घालत चला. आपल्याला काही झालं तर गाडी परत कोण आणणार?

साखळी आपण फेकून दिली नाहीत, याचं विशेष कौतुक वाटतं. गेटच्या गजाला ती आपण नीट अडकवून गेलात, जणू पाहुणा चप्पल जागेवर काढतो. मी ती हातात घेऊन उजेडात पाहिली. वर निळं प्लास्टिक, खाली पिवळसर मुलामा, आणि कापलेल्या कडीची दोन्ही टोकं दाबली जाऊन चपटी झालेली. पोलाद कडक केलेलं असतं तर ते तुटताना कडकन तुटतं, असं चपटं होत नाही. ही कडी आपल्या कटरखाली निमूट दबली. दुकानदारानं ती विकताना "तोडून दाखवा" असं म्हटलं होतं. आपण दाखवलंत. शब्दाला जागणारी माणसं आजकाल कुठे भेटतात?

धंद्यासाठी कामोठे निवडण्यात आपली दूरदृष्टी दिसते. सिडकोनं वसवलेला हा नोड १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे. इथल्या बऱ्याच इमारती साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात, प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या भूखंडांवर उभ्या आहेत. भूखंड बेताचे, त्यावर फ्लॅट भरपूर. खाली स्टिल्टमध्ये चारचाकीवाले आपापले चौकोन आखून बसलेले, आणि दुचाक्या रस्त्याच्या कडेला, एकमेकींना खेटून, तिरक्या. सकाळी आपली गाडी काढायची तर आधी दुसऱ्यांच्या चार गाड्या ढकलाव्या लागतात. त्यामुळे अपरात्री कुणी परकी गाडी ढकलताना दिसला तर आम्ही काय समजतो? पहिल्या पाळीचा माणूस असेल बिचारा. वॉचमन तर हातभारसुद्धा लावतो. आमच्या कामोठ्यात दुसऱ्याची गाडी हलवणं हा गुन्हा नाही, शेजारधर्म आहे. आपण तो धर्म जरा लांबपर्यंत पाळलात, इतकंच.

दिवसपाळीची सोयही उत्तम आहे. मानसरोवर आणि खांदेश्वर ही दोन स्थानकं हाताशी. सकाळी माणूस गाडी लावून हार्बरची लोकल पकडतो आणि सीएसएमटीच्या दिशेनं निघून जातो. संध्याकाळी परतेपर्यंत गाडीकडे पाहणारं कुणी नाही. आणि एकदा गाडी हाती लागली की कळंबोली सर्कल किती जवळ! तिथून पुण्याला जा, गोव्याकडे वळा, मुंब्र्याकडे निघा, नाहीतर उरणची वाट धरा. आम्हाला ऑफिसला पोचायला एक रस्ता धड सापडत नाही. आपल्याला मात्र सगळे मोकळे.

असो. घरात आता दुसरी गाडी आली आहे. ती मिळवताना काय घडलं, ते पुढे सांगतोच. तिला कुलूप घ्यायचं होतं, आणि या विषयात आपल्याइतका अधिकारी पुरुष दुसरा नाही. म्हणून बाजारात जे जे दिसलं ते आपल्या नजरेनं पाहत गेलो.

पहिलं, हँडल लॉक. ते गाडीबरोबर फुकट येतं आणि फुकटच असतं. त्याचा उपयोग एवढाच की चावी काढून घ्यायची आठवण राहते. दुसरी केबल. अंगठ्याएवढी जाड, काळी, दिसायला मोठी भारदस्त. तिचं कापलेलं टोक पाहिलं की कळतं, पोलादी तार मधोमध करंगळीहून बारीक आणि बाकी सगळं प्लास्टिकचं बाळसं. तिसरं डिस्क लॉक. पुढच्या चाकाच्या डिस्कला भोकं असतात, त्यातल्या एकात त्याची पिन बसते आणि चाक फिरत नाही. काहींना अलार्म असतो, गाडी हलली की बोंब मारतो. वस्तू चांगली. अडचणी दोन. एक म्हणजे पुष्कळ स्कूटरींना पुढेही ड्रम ब्रेकच असतो, तेव्हा कुलूप लावायला डिस्कच नाही. दुसरी अडचण आपणच. शंभर-सव्वाशे किलोंची स्कूटर दोन धट्टेकट्टे गृहस्थ उचलून टेम्पोत ठेवू शकतात. चाक फिरतं की नाही, याची त्यांना काय पर्वा? तिसरी अडचण मालकाची, पण ती कुलपाच्या माथी मारू नये. कुलूप तसंच ठेवून ऑफिसच्या घाईत गाडी दामटणारे आणि तोंडावर आपटणारे लोक आहेत. म्हणून त्यासोबत हँडलला बांधायची भगवी दोरी मिळते.

मग आमच्या सेक्टरातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर साखळ्यांची रांग लावली. "ही घ्या साहेब, चोराला घाम फुटेल."

"किती वेळानं फुटेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे ही किती मिनिटांची साखळी आहे?"

तो गप्प झाला. असं कुणी विचारत नाही म्हणाला. गिऱ्हाईक विचारतं रंग कुठला, किंमत कमी होईल का आणि चाव्या किती मिळणार. मग त्यानंच ड्रॉवरमधून व्हर्निअर काढलं आणि कड्या मोजल्या. आठ मिलिमीटरची साखळी बाजूला सारली, कारण ती हाताच्या मोठ्या कटरला दाद देते. खालून निघाली चौदा मिलिमीटरची, चौकोनी कड्यांची, कापडी बाहीत घातलेली. ती त्यानं खिळे जोखायच्या काट्यावर ठेवली. सव्वा मीटर लांबी, आणि काटा पाच किलोंच्या पुढे गेला. "रोज एवढं वजन वागवणार?" त्यानं विचारलं. म्हटलं, वागवायचं नाही, घरी जागेवर बांधून ठेवायचं. स्टेशनवर डिस्क लॉक नेऊ. तेव्हा कुठे त्याच्या तोंडावर समाधान दिसलं. चौकोनी कडीवर कटरचा जबडा गोल कडीसारखा सहज बसत नाही, हेही त्यानंच सांगितलं. एवढी माहिती त्याच्याकडे होती, फक्त विचारणारा भेटत नव्हता. आपण मात्र ती न विचारता जाणता.

न तुटणारं कुलूप जगात नाही, हे आपल्याला मी काय सांगणार? लंडनमध्ये पिकॅडिलीच्या एका दुकानाच्या खिडकीत ब्रामा कंपनीचं कुलूप १७९० पासून मांडलेलं होतं. जो उघडेल त्याला दोनशे गिनी बक्षीस. साठ वर्षं ते कुणाला उघडता आलं नाही. मग १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी ए. सी. हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. आधी त्यानं चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं, आणि मग ब्रामाचं हे कुलूप १६ दिवसांत मिळून ५१ तास खर्चून उघडलं. त्या काळच्या वर्तमानपत्रांत एकच हाहाकार झाला. पण जरा विचार करा. जे कुलूप उघडायला हॉब्जसारख्या पट्टीच्या कारागिराला, साधनं मांडून बसून ५१ तास लागले, ते आमच्या स्कूटरला असतं तर आपण काय केलं असतंत? शेजारची गाडी नेली असती.

उलट्या बाजूचा दाखलाही आहे. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीची यू आकाराची, जाडजूड सळईची कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडतात, असं जगजाहीर झालं आणि कंपनीला लाखोंनी कुलपं बदलून द्यावी लागली. सळई कापायला वेळ लागला असता, पण चावीचं भोक कमजोर होतं. म्हणजे मिनिटं मोजायची ती सगळ्यात दुबळ्या जागेची. ब्रिटनमध्ये सोल्ड सिक्युअर नावाची संस्था कुलपांवर खऱ्याखुऱ्या हत्यारांनी हल्ला करून पाहते आणि टिकाव धरला त्याप्रमाणे कांस्य, रौप्य, सुवर्ण, हिरा असे दर्जे देते. आपल्याकडे हे काम आपण करता, तेही विनावेतन. फक्त निकाल मालकाला सकाळी कळतो.

आपल्या ग्रामीण शाखेची कामगिरी पाहिली की हाच धडा आणखी स्वच्छ दिसतो. ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जातात. ट्रॉलीला ना इंजिन, ना चावी, ना हँडल. तिची दांडी ट्रॅक्टरच्या हुकाला एका पिनेनं जोडलेली. पिन उपसली की ट्रॉली सुटी, दुसऱ्या ट्रॅक्टरची पिन घातली की निघाली. तिकडे परदेशांत लोक मोटारीमागे फिरतं घर जोडून हिंडतात, त्याचीही गत हीच. म्हणून तिथे त्या जोडाच्या तोंडातच कुलूप बसवतात, म्हणजे दुसऱ्या गाडीचा हुक आत शिरतच नाही. शहाणे लोक त्यावरही थांबत नाहीत. जोडाचं तोंड बंद केलं तरी साखळ्या घालून ओढून नेता येतं, म्हणून ते चाकालाही शिकंजा लावतात. आपल्या राज्य सरकारनंही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. आपल्या संघटनेनं वेळीच नोंद घ्यावी. या सगळ्यातून मला एवढं समजलं की, वस्तू ज्या वाटेनं जाईल ती वाट अडवायची. ट्रॉली जोडातून जाते आणि चाकांवर जाते. स्कूटर चाकांवर जाते, नाहीतर उचलून जाते. तेव्हा नुसतं चाक बांधून भागत नाही, तिला जमिनीला बांधावं लागतं.

इथे आमची सोसायटी प्रवेश करते. जमिनीत पक्कं कडं बसवायला परवानगी हवी म्हणून मी अर्ज दिला. सभा झाली. चेअरमन म्हणाले, पिलरला भोक पाडायचं नाही. एका सदस्यानं विचारलं, उद्या सगळ्यांनी कडं मागितलं तर? म्हटलं, सगळ्यांनी मागावं म्हणूनच अर्ज आहे. दुसऱ्यांनी कडं मेंटेनन्समध्ये धरायचं की पार्किंग चार्जमध्ये, हा मुद्दा काढला. एक आजोबा म्हणाले, आमच्या वेळी सायकलला साखळी लावायची गरज नव्हती. त्यांच्या वेळी आपण जन्मला नव्हतात, त्याला त्यांचा नाइलाज. शेवटी सिव्हिल इंजिनिअर असलेल्या एका सदस्यानं सांगितलं की पिलरला हात लावू नका, पाण्याच्या टाकीच्या झाकणापासून लांब, भिंतीलगतच्या काँक्रीटमध्ये बोल्ट घ्या. तेव्हा ठराव झाला. साखळी आता त्या कड्यातून आणि मागच्या चाकातून जाते, आणि जमिनीवर लोळत नाही, ताठ असते. जमिनीवर पडलेल्या साखळीवर हातोडा मारायला ऐरण आयतीच मिळते, हे आपण जाणताच.

आता दुसऱ्या गाडीची गोष्ट. नवी घ्यायची ऐपत नव्हती म्हणून जुनी पाहत होतो. एकानं कळवलं, स्कूटर आहे, भाव असा की विश्वास बसू नये. भेटायला गेलो तर म्हणाला, पेपर गावी आहेत, पुढच्या महिन्यात देतो, आत्ता रोख द्या आणि गाडी घेऊन जा. रंग आमच्याच गाडीचा, डावा आरसा सैल. मी चासी नंबर पाहू म्हटल्याबरोबर त्याला तातडीचा फोन आला आणि तो निघून गेला. ती माझी होती की नाही, ते आता कोण सांगणार? पण माझीच स्कूटर मला विकण्याचा आपला हा उपक्रम असेल, तर ग्राहकसेवेचा असा नमुना मी दुसरीकडे पाहिला नाही.

त्या दिवशी एक गोष्ट लख्ख झाली. आपण कुशल आहात, मेहनती आहात, पण आपलं दुकान चालवतात ते आम्ही. बिलाशिवाय मिळणारा सायलेन्सर निम्म्या किमतीत घेणारे आम्ही. "कुठून आणला?" असं गॅरेजवाल्याला न विचारणारे आम्ही. पेपर नंतर चालतील म्हणणारे आम्ही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या प्रत्येक नव्या गाडीला लेसरनं कोरलेल्या क्रमांकाची, काढताना मोडणाऱ्या कुलपानं बसवलेली नंबरप्लेट सक्तीची झाली. पण गाडी सुटी करून विकली तर प्लेट कुठे आणि गाडी कुठे? एका स्कूटरची चाकं, इंजिन, आरसे, सीट, बॅटरी अशी विभागणी झाली की तिचा क्रमांक फक्त माझ्या आरसीवर उरतो. कायद्याला हे बरोबर कळलेलं आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कलम ३१७ नुसार चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंतच. आधीच्या भारतीय दंड संहितेतही ३७९ आणि ४११ या कलमांत हाच हिशेब होता. कायदा आपल्यात आणि आपल्या गिऱ्हाइकात भेदभाव करत नाही. समाज मात्र एकाला चोर म्हणतो आणि दुसऱ्याला हुशार.

नव्या संहितेत एक सवलतही आहे, ती आपल्या कानावर घालतो. चोरी पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. आमच्या गाडीचं वय पाहता किमतीच्या अटीत आपण बसण्याची चांगली शक्यता आहे. उरलेल्या दोन अटींचं आपण बघा.

माझ्या वाट्याला काय आलं, तेही ऐका. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला. आता कुठल्याही ठाण्यात तो नोंदवता येतो, आणि ऑनलाइन कळवून तीन दिवसांत सही करण्याचीही सोय आहे. मग विमा कंपनीचं पत्र. नुसता थर्ड पार्टी विमा असता तर चोरीचे शून्य रुपये मिळाले असते. पूर्ण विमा होता, म्हणून गाडीची घोषित किंमत मिळणार. ती ठरवतानाच नव्या गाडीच्या किमतीतून घसारा वजा झालेला असतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. दोन्ही चाव्या आणा म्हणाले. आणल्या. आरटीओला कळवल्याची प्रत आणा. आणली. आता 'अ' समरीची वाट पाहतोय, म्हणजे गुन्हा खरा आहे पण गुन्हेगार सापडत नाही, असा शेरा. आपण सापडत नाही याचा दाखला मला जोडायचा आहे, म्हणून आपण सापडावं अशी प्रार्थना करू की सापडू नये अशी, या पेचात मी अडकलो आहे. एका ट्रॅक्टरमालकाचा धडा मात्र इथे उपयोगी पडला. चोरीची फिर्याद त्याच दिवशी दिली पण कंपनीला उशिरा कळवलं, एवढ्यावरून त्याचा दावा फेटाळला गेला होता. फिर्याद वेळेत असेल तर केवळ त्या उशिरावर दावा नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दिला. तो ट्रॅक्टर चोरणारे आपले बंधू असतील तर त्यांना कळवा, त्यांच्यामुळे देशभरच्या वाहनमालकांचा फायदा झाला.

सबब विनंती की, आमच्या इमारतीकडे पुन्हा येणं झाल्यास भिंतीलगतच्या त्या कड्याकडे बघावं आणि मिनिटं मोजावीत. आपण साखळी कापू शकाल, यात शंका नाही. पण ग्राइंडर चालवावा लागेल, ठिणग्या उडतील, आवाज होईल. आणि गेल्या सभेत एक ठराव एकमतानं झाला आहे. रात्री कुणी गाडी हलवताना दिसला की वॉचमननं हातभार लावायचा नाही. फक्त विचारायचं, "कुठल्या फ्लॅटची?" या ठरावाला सोसायटीचा एक रुपयाही खर्च आला नाही, म्हणून तो चर्चेविना मंजूर झाला. कुलूप आपल्याला थोडा वेळ अडवेल, आणि तेवढ्या वेळात हा प्रश्न विचारला जाईल. त्याचं उत्तर आपल्याकडे तयार असावं, एवढंच सुचवतो.

कळावे. लोभ आहेच, तो आवरावा.

आपला,
एक वाहनमालक (कागदोपत्री)

प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव :
१. निम्म्या किमतीत, बिलाशिवाय सुटे भाग घेणारे सर्व हुशार नागरिक.
२. "पेपर नंतर चालतील" म्हणणारे भावी खरेदीदार. चासी नंबर आधी पाहावा.
३. शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी. आमच्याकडे कडं बसल्यामुळे चोरमहाशयांचा मुक्काम यापुढे आपल्याकडे हलण्याचा संभव आहे. कड्याचा अर्ज लवकर मंजूर करावा. आमच्या ठरावाची प्रत सोबत जोडली आहे.